अल्पशा आजाराचं घराणं

आमच्या कोळथरकर घराण्यात कोणाला काहीही होत नाही. माणसं मरतात, नाही असं नाही, पण ती अल्पशा आजाराने मरतात. माझ्या वडिलांचा एक पाय गुडघ्यापासून काढावा लागला, नंतर डोळे गेले, नंतर मूत्रपिंडं गेली, आणि दोन वर्षं अंथरुणात काढून ते गेले. पेपरात छापून आलं, 'अल्पशा आजाराने निधन'. धाकटे केशवकाका जन्मभर कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलले नाहीत. चार माणसं जमली की कानात बोटं घालायचे आणि वाडीत पडलेल्या झावळ्या लांबीप्रमाणे लावत बसायचे. त्यांच्याविषयी आमच्याकडे सांगतात, 'विरक्त वृत्तीचे होते, ब्रह्मचारी राहिले.' झावळ्यांचं कोणी सांगत नाही.

मी कुमुद कोळथरकर. लग्न केलं नाही, पॅथॉलॉजीची लॅब चालवली आणि जन्मभर लोकांचं रक्त तपासलं. त्यात आमच्या घराण्याचंही पुष्कळ होतं, बहुतेक वेळा खोट्या नावाने दिलेलं. त्यामुळे मला माझ्या नातेवाइकांचं कौतुक इतरांपेक्षा जरा कमी आहे.

मग ते यंत्र आलं.

डायबेटिस आणि ऑटिझम यांचा घराण्यांतून काही संबंध असावा, अशी शंका डॉक्टरांना बऱ्याच वर्षांपासून होती. ज्या घरांत एक जास्त, त्या घरांत दुसराही थोडासा जास्त दिसायचा. थोडासाच, हे लक्षात ठेवा. असं दिसण्याची कारणं तीन असू शकतात. एक, गरोदरपणी आईची साखर वाढलेली असेल तर गर्भातल्या मेंदूच्या घडणीवर तिचा परिणाम होत असेल. दोन, पेशींनी साखर कशी जाळायची आणि शरीराने सूज कशी आवरायची, हे ठरवणारी काही जनुकं एकाच वेळी स्वादुपिंडात आणि वाढत्या मेंदूत काम करत असतील. ती आईकडूनही येतात आणि बापाकडूनही. तिसरं कारण सगळ्यांत साधं. जे लोक डॉक्टरकडे जातात त्यांना दोन्ही निदानं मिळतात, आणि जे तोंड लपवतात त्यांना एकही मिळत नाही.

दहाएक वर्षांपूर्वी प्रयोगशाळांत दुसऱ्या कारणाला बळ मिळालं आणि त्यातून 'कुलदर्शक' जन्माला आला. दिसायला पाटाएवढी काळी पेटी. ती दोन्हीकडच्या चार पिढ्यांची चौकशी करायची, घराण्याच्या प्रमुखाची मुलाखत घ्यायची, आणि ऑटिझमकडे झुकणारा वारसा कुठल्या बाजूने किती आला असावा याचा अंदाज सांगायची. बनवणाऱ्यांचा हेतू चांगला होता. मूल वेळेत ओळखावं, त्याला लवकर मदत मिळावी, गरोदर बाईची साखर नीट सांभाळावी. आमच्या लोकांनी तिचा एकच उपयोग केला. मूल चारचौघांसारखं नसलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, 'कोणाकडून आलं?' हा प्रश्न आता स्वयंपाकघरातून उठून पेटीसमोर जाऊन बसला.

पेटीत एक खोट होती. ज्याची नोंद नाही तो आजारच नाही, असं ती धरून चालायची. हुशार माणसांनी बनवलेलं यंत्र, पण त्यातल्या कोणाला माझा दादा भेटलेला नव्हता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ दिगंबर, घराण्याचा सध्याचा प्रमुख. पेटीने त्याची मुलाखत घेतली तेव्हा मी चहा घेत तिथेच बसले होते. मुलाखत ठरली ती त्याच्या नातीमुळे. इरू नऊ वर्षांची, ऑटिस्टिक. तिची आई वृंदा पुन्हा गरोदर होती, तिसरा महिना.

"आपल्या वडिलांना मधुमेह होता का?" पेटीने विचारलं.

"नाही," दादा म्हणाला.

"त्यांच्या मृत्यूचं कारण?"

"अल्पसा आजार."

"दादा, बाबांचा पाय?" मी म्हटलं.

"पडले होते."

"दोन वर्षं पडतच होते का?"

"कुमे, तू गप्प बस. घराण्याची गोष्ट आहे. उद्या ते सगळीकडे जाईल."

"कुटुंबात उशिरा बोलणारं किंवा एकटं राहणारं कोणी?" पेटीने पुढे विचारलं.

"आमचे काका. फार सात्त्विक मनुष्य."

पेटीने ते लिहून घेतलं. सात्त्विकपणाचा तिच्याकडे काही रकाना नसावा.

वृंदाच्या माहेरी हीच पेटी गेली. तिचे वडील अण्णा तांबट, नाशिकला तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान. हा माणूस जेवायला बसला की ताटाशेजारी इन्सुलिनचं पेन ठेवतो, चारचौघांत शर्ट वर करून पोटाला टोचतो आणि मग पहिला घास घेतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा दादाने जेवण अर्धवट सोडलं होतं. अण्णांनी पेटीला सगळं सांगितलं. स्वतःची साखर, दोघी बहिणींची, आईची, शिवाय एक चुलतभाऊ न बोलणारा होता आणि त्याला भांडी घासून चकचकीत करायचा भारी नाद होता, तेही. पेटी दमेल इतकं सांगितलं.

निकाल आला. तांबटांची बाजू एक्क्याऐंशी टक्के, कोळथरकर एकोणीस.

जो खरं बोलला तो दोषी आणि जो थापा मारत राहिला तो निर्मळ. हे कळायला यंत्र लागत नाही, पण यंत्राने सांगितलं की लोकांना ते शास्त्र वाटतं. दादाचा चेहरा असा काही उजळला की जणू त्याला पद्मश्री मिळाली.

त्यानंतर हे मूल ठेवू नये म्हणून वृंदाच्या मागे लागणं सुरू झालं. कोणी आवाज चढवला नाही. आमच्याकडे आवाज चढवत नाहीत, गोड बोलून पायाखालची जमीन काढतात. "पुण्यात एक डॉक्टर आहेत," दादा म्हणायचा, "वेळ आहे तोवर विचार करा, एवढंच. पुढचं बाळ आमच्याच अमोघचं असेल, पण दुसऱ्या बाईचं स्त्रीबीज घेता येतं आजकाल." आणि वृंदाचा नवरा अमोघ, माझा भाचा म्हणायलाही जीभ वळत नाही, म्हणून दादाचा मुलगाच म्हणते, तो दाभोळच्या समुद्रातल्या पवनचक्क्यांवर इंजिनिअर होता. महिनाभर समुद्रात, पंधरा दिवस घरी. तो घरी आला की वडिलांच्या मागे उभा राहून म्हणायचा, "एकदा विचार करायला काय हरकत आहे, वृंदा?"

वृंदा एकदा माझ्याकडे येऊन बसली.

"आत्या, मला हे मूल हवंय," ती म्हणाली. "इरू हवी होती तसंच हवंय. पण दोघं रोज तेच बोलायला लागले की मला माझंच चुकतंय असं वाटायला लागतं. अण्णांच्या रक्तात आहे म्हणतात, ते खोटं तर नाही ना?"

"खोटं नाही. अर्धवट आहे," मी म्हटलं. "दुसरं अर्धं माझ्या भावाने गिळलंय."

"मग तुम्ही सांगा ना पेटीला."

"मुलाखत फक्त प्रमुखाची धरतात. आणि मी कोण? बिनलग्नाची आत्या."

ती हसली, पण डोळे पुसत. मला तेव्हा माझ्या घराण्याची इतकी शिसारी आली की रात्रीचं जेवण गेलं नाही.

मे महिन्यात आमचं कुलसंमेलन भरलं, दापोलीजवळच्या एका मंगल कार्यालयात. दर चार वर्षांनी हे होतं. देशोदेशीचे कोळथरकर जमतात, एकमेकांच्या पाया पडतात आणि आपण किती थोर आहोत हे एकमेकांना सांगतात. या वेळी दादाने व्यासपीठावर कुलदर्शक आणून ठेवला होता. पेटी सुरू होती. सगळ्या शाखांचे निकाल तो जाहीर वाचून दाखवणार होता, 'निरोगी घराणं' म्हणून.

वृंदा इरूला घेऊन आली ती आली नसती तर तेही दोषात धरलं गेलं असतं म्हणून. इरूला गर्दी सोसत नाही. तिच्या कानांवर नेहमी मोठे निळे हेडफोन असतात, ते घातले की ती कुठेही शांत बसते. ग्रुप फोटोच्या वेळी दादाने ते काढून घेतले. "फोटोत बरं दिसत नाही," म्हणाला, आणि व्यासपीठावरच्या टेबलावर ठेवून दिले. परत द्यायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

आता एका गोष्टीकडे बघा, जी मी त्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या बघितली. भर मे महिना, घामाच्या धारा, आणि पन्नाशीपुढचे सगळे कोळथरकर पुरुष पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यात. बाह्या मनगटापर्यंत, गुंड्या लावलेल्या. हल्ली डायबेटिसला बोट टोचावं लागत नाही. दंडावर रुपयाएवढी चकती चिकटवायची, ती साखर मोजत राहते. बायका ब्लाऊजच्या आत कुठेतरी लावतात. पुरुषांना बाही पुरते.

या चकतीला सरकारने दोन गोष्टी सक्तीच्या केल्या आहेत. साखर तीनशेच्या वर गेली की ती 'पी-पी' वाजते आणि हा आवाज बंद ठेवता येत नाही. आणि म्हाताऱ्यांना बारीक अक्षरं दिसत नाहीत म्हणून दाबली की ती आकडा बोलून दाखवते, मग वाजायची थांबते. कल्पना उत्तम. फक्त आवाज इतका चिरका, इतक्या वरच्या पट्टीतला की साठीनंतर कानाला तो ऐकूच येत नाही. वयाबरोबर पहिल्यांदा वरचेच सूर जातात. चकती बनवणारे पंचविशीतले, वापरणारे सत्तरीतले. एकाही पंचविशीतल्याला आपल्या आजोबांच्या कानाशी ती धरून बघावीशी वाटली नाही.

जेवण साग्रसंगीत झालं. मसालेभात, बटाट्याची भाजी, मठ्ठा आणि जिलबी, आग्रह करकरून वाढलेली जिलबी. जेवणाआधीचं इन्सुलिन कोणीही घेतलं नाही. घेणार कुठे? सगळ्यांसमोर? "मला गोड चालत नाही," असं म्हणायची हिंमत त्या पंगतीत एकाही पुरुषात नव्हती. दादाने स्वतः पाच जिलब्या खाल्ल्या, आणि वाढणाऱ्याला सहावीसाठी हाक मारली.

मग भाषण सुरू झालं. दादा माइक हातात घेऊन आपल्या पूर्वजांच्या दीर्घायुष्यावर बोलू लागला. अर्धा तास गेला असेल. तेवढ्यात माझ्या कानात चिरकं काहीतरी वाजायला लागलं. मी श्रवणयंत्र लावते, उघडपणे, आणि त्यावरून आमच्याकडचे पुरुष माझी थट्टा करतात. त्यांच्यातला एकही लावत नाही. मला वाटलं बॅटरी गेली. मी यंत्राला टिचक्या मारल्या. आवाज थांबेना. उलट वाढला, एकाचे दोन, दोनाचे पाच.

तिकडे इरूने दोन्ही कान दाबून धरले होते आणि ती मागे-पुढे डुलत होती. तोंडाने हूं हूं असा सूर. वृंदा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. हॉलमधले लोक वळून बघू लागले. तरुणांपैकी काही जण इकडेतिकडे बघत होते, पण आपल्या काकांच्या दंडाकडे बोट दाखवण्याचे संस्कार आमच्याकडे नाहीत.

दादाने भाषण थांबवलं. त्याने इरूकडे हात केला, आणि माइकमध्येच म्हणाला, "बघा. कोणाला दोष देत नाही मी. पण शास्त्राने दाखवून दिलंय की हे आमच्यातलं नाही. हे बाहेरून आलेलं आहे."

वृंदाचा हात इरूच्या पाठीवर तसाच राहिला. तिने मान खाली घातली. त्या क्षणी मला कळलं की ती हरली. उद्या ती पुण्याला जाईल, डॉक्टर काय म्हणतील ते ऐकेल, आणि घरी येऊन कोणाला काही सांगणार नाही.

इरू उठली.

नाशिकला अण्णांची चकती वाजली की ती दाबायचं काम इरूचं आहे. अण्णा स्वतः बहिरे झालेत, म्हणून त्यांनीच तिला ते दिलंय. 'पी-पी आली की दाबायचं.' ती धावत येते, दाबते, आकडा ऐकते, आणि मग पुन्हा आपल्या खेळात जाते. तिच्यापुरतं हे सोपं आहे. वाजतंय, तर बंद करायचं. इथे कोणीच बंद करत नव्हतं.

ती एक कान तळव्याने झाकून समोरच्या रांगेत गेली. तिथे आमचे चुलत चुलते विनूभाऊ बसले होते, टाळ्या वाजवायच्या तयारीत. इरूने त्यांचा दंड सदऱ्यावरून चाचपला आणि दाबला.

"साखर तीनशे बावीस," सदऱ्याच्या आतून बाईचा गोड आवाज आला. "पाणी प्या. डॉक्टरांशी बोला."

विनूभाऊंनी दंडावर हात असा मारला, जणू विंचू चढलाय. इरू पुढे गेली होती. दुसरा दंड, तीनशे चार. तिसरा, तीनशे चाळीस. प्रत्येक ठिकाणी पाणी प्या, डॉक्टरांशी बोला. माणसं खुर्च्यांवरून उठून बाजूला सरकू लागली, पण सत्तरीतली माणसं नऊ वर्षांच्या मुलीपुढे कितीसं पळणार? कुठे कोणी हसलं आणि तोंडावर पदर घेतला. मला माझं हसू आवरलं नाही आणि आवरायचंही नव्हतं.

ती व्यासपीठाच्या पायऱ्या चढली.

"वृंदा, आवर हिला!" दादा ओरडला. माइक अजून त्याच्या हातात होता, छातीशी धरलेला. इरूने तोच दंड दाबला.

"साखर तीनशे एकोणसाठ," सगळ्या हॉलमध्ये, चारी स्पीकरांमधून.

टेबलावरची काळी पेटी इतका वेळ मुकाट ऐकत होती. आता तिच्यावर हिरवा दिवा लागला. "कोळथरकर घराण्याविषयी नवीन माहिती मिळाली आहे," ती म्हणाली. "नोंदवू का?"

"नको!" चार-पाच काका एका सुरात म्हणाले. इतकी एकी मी आमच्या घराण्यात कधी पाहिली नव्हती.

मला वाटलं संपलं. पण इरूने अजून कान सोडला नव्हता. ती पायऱ्या उतरली आणि भिंतीच्या कडेने दाराकडे निघाली. तिथे अमोघ उभा होता. तो त्याच सकाळी समुद्रावरून परस्पर आला होता, पूर्ण बाह्यांचा निळा शर्ट.

"इरू, नको," तो म्हणाला. "इकडे नको. बाबाकडे नाही आहे."

तिने त्याचा दंड दोन्ही हातांनी धरला.

"साखर तीनशे सहा. पाणी प्या. डॉक्टरांशी बोला."

"झालं," इरू म्हणाली. तिने कानावरचा हात काढला, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिचा चेहरा मोकळा झाला. हॉलमध्ये आता खरोखरच काही वाजत नव्हतं.

वृंदा अमोघसमोर जाऊन उभी राहिली.

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली. घरी येताना काढून ठेवायचो. आज बोटीवरून वेळच..."

"म्हणजे पेटी आली तेव्हा तुला माहीत होतं."

"बाबा म्हणाले, आपलं एवढ्यात सांगू नको. नंतर बघू."

"आणि काल रात्री फोनवर मला विचार कर म्हणालास, तेव्हा ही दंडावर होती?"

अमोघने बाही मनगटापर्यंत ओढली. लपवणं ही एकच गोष्ट त्याला वडिलांकडून चांगली मिळाली आहे.

दादा खाली आला होता. त्याचा घसा कोरडा पडला असावा, साखरेनेच. "वृंदा, एवढं मनावर घेऊ नकोस," तो म्हणाला. "आता पाहिजे तर नोंदवू आपण. तुमच्याकडचा आकडा खाली येईल. झालं ना मग समाधान?"

"मला आकडा नकोय, बाबा," ती म्हणाली. "तुमचा नको आणि अण्णांचाही नको. माझी इरू म्हणजे कुठून तरी लागलेली कीड नाही, की ती कुठल्या दारातून आली ते शोधायचं. अण्णा खरं बोलले म्हणून त्यांच्यात खोट, तुम्ही खोटं बोललात म्हणून तुम्ही स्वच्छ. आणि मी मूर्ख, दीड महिना तुमचं ऐकून स्वतःच्या पोटाकडे बघायला घाबरत होते." तिने व्यासपीठाकडे बोट केलं. "इरूचे हेडफोन द्या."

आमच्या घराण्याचा प्रमुख मुकाट्याने पायऱ्या चढला आणि हेडफोन घेऊन आला. वृंदाने ते इरूच्या कानांवर बसवले आणि तिचा हात धरून बाहेर पडली. मी माझी पिशवी घेतली आणि त्यांच्या मागे निघाले. नाशिकपर्यंत गाडी मी चालवली. अण्णा अंगणात उभे होते. इरूने आधी त्यांचा दंड तपासला, मग आत गेली.

बाळ नाशिकलाच झालं, दिवाळीच्या सुमाराला. मुलगा. त्याचं आडनाव काय लावायचं ते वृंदा ठरवेल, तिला घाई नाही. अमोघ दोनदा येऊन गेला, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. अण्णांनी त्याला जेवायला वाढलं. वृंदा पानावर आली नाही. दादाने नवी मुलाखत दिलेली नाही. पेटीत आम्ही अजून निर्मळच आहोत.

पण चैन कोणाला पडतंय? दर आठवड्याला कोणा ना कोणाचा मला फोन येतो. विनूभाऊ, त्यांची सून, अमेरिकेतले काका. हवापाण्याच्या चार गोष्टी होतात, आणि मग आवाज खाली येतो, "कुमुद, ते दुसरं बाळ ठीक आहे ना गं? बघतं ना डोळ्यांत?"

बाळ बघतं की नाही, हे मी कोणालाही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. मी एवढंच विचारते, "तुमची आजची साखर किती?"

फोन ठेवला जातो.